माणूस एक, नावे पाच!

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. चिंचणीतील एका विहारात रविवारची वंदना संपली, चहा झाला, मंडळी आपापल्या घरी निघाली. एक ताई मात्र जागेवरून उठल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर कापडदुकानाची जुनी पिशवी होती आणि शेजारी बारावी पास झालेली त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती.

"जय भीम दादा. जरा हे बघता का? तीन वेळा जाऊन आले. तिथे म्हणतात, हे दोन कागदावरचे माणूस वेगळे आहेत. अहो, एकच माणूस होता. माझा नवरा होता!"

आम्ही सतरंजीवर बसून एकेक कागद उलगडला. ताईंचे यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होते. चार वर्षांपूर्वी ते वारले. त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पूर्ण नाव होते. रेशनकार्डावर घरात हाक मारायचे नाव होते. आधारकार्डावर इंग्रजी आडनावातले एक अक्षर गळाले होते आणि जन्मतारीख सरळ १ जानेवारी टाकली होती. कारखान्याच्या पी.एफ.च्या चिठ्ठीवर आडनाव आधी, मग नाव आणि वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. मृत्यूच्या दाखल्यावर तर वडिलांचे नावच चुकलेले. माणूस एक, नावे पाच!

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात 'नवबौद्ध' आणि १९९१ सालच्या जातीच्या दाखल्यात 'महार'. वर तो दाखला ठाणे जिल्ह्याचा आणि मुलीचे सगळे कागद पालघर जिल्ह्याचे. मुलीला परिचारिकेच्या पदवी अभ्यासक्रमाला राखीव जागेतून प्रवेश हवा होता. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. प्रवेशाची तारीख जवळ येत होती आणि ती पोर आईला हळूच म्हणत होती, "आई, राहू दे ना. मी बोईसरला कंपनीत पॅकिंगला जाते."

ते वाक्य आम्हाला झोंबले. म्हणून आजचा हा लेख. विषय रुक्ष वाटेल, पण तो प्रत्येक घरातल्या कपाटात, ट्रंकेत, गादीखाली ठेवलेल्या पिशवीचा आहे.

जोडणी म्हणजे नेमके काय?

पूर्वी सरकारचे प्रत्येक खाते आपापली वही ठेवत असे. रेशनची वही पुरवठा खात्याकडे, मतदारांची यादी निवडणूक खात्याकडे, जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे, मुलांचे जनरल रजिस्टर शाळेकडे. या वह्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. त्यामुळे एकाच माणसाचे नाव पाच वह्यांत पाच प्रकारे लिहिले तरी कोणाचे काही अडत नव्हते. तलाठी, मास्तर, रेशन दुकानदार माणसाला चेहऱ्याने ओळखत.

मग आधार आले. देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. बारा अंकांचा हा क्रमांक आता रेशन, बँक, पी.एफ., शिष्यवृत्ती, शाळेची पटनोंदणी या सगळ्या वह्यांत टाकला जातो. त्याला 'जोडणी' म्हणतात. एकदा क्रमांक जोडला की एका खात्याचा संगणक दुसऱ्या खात्याच्या संगणकाला विचारतो : हा माणूस तोच का? नाव जुळते का, जन्मतारीख जुळते का, स्त्री की पुरुष हे जुळते का? जुळले तर काम पुढे सरकते. नाही जुळले तर अर्ज परत.

संगणक चेहरा ओळखत नाही, अक्षर ओळखतो. कांबळे हे आडनाव इंग्रजीत लिहिताना कोणी शेवटी 'ई' लावतो, कोणी लावत नाही. आपल्याला दोन्ही कांबळेच दिसतात. संगणकाला दोन वेगळी माणसे दिसतात.

नाव बदलणे आपल्याला नवे नाही

सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव लिहिले गेले. नोंद क्रमांक १९१४, नाव 'भिवा रामजी आंबेडकर'. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, गावावरून आंबडवेकर, शाळेत झाले आंबेडकर. पुढे 'भिवा'चे 'भीमराव' झाले. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. आजचा एखादा संगणक त्या कागदांसमोर बसवला असता तर त्याने बाबासाहेबांचाही अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून परत पाठवला असता!

आणि खुद्द चिंचणीचेच पाहा. १९५५ साली येथे ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाण प्रांताचा कारभार तेव्हा एका अरब सरदाराकडे होता. ताम्रपटात त्याचे नाव कोरले आहे 'मधुमती'. अभ्यासक सांगतात की हे मूळचे 'मुहम्मद'. लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने संस्कृतात कोरले. हजार वर्षांपूर्वीही सरकारी कागदावरचे नाव लिहिणाऱ्याच्या हातात होते, ज्याचे नाव त्याच्या हातात नव्हते. फरक एवढाच की त्या सरदाराला वैधता प्रमाणपत्रासाठी कुठे खेटे घालावे लागले नाहीत.

दोन नियमांत सापडलेली पिढी

आपल्या समाजाच्या कागदांत जो गोंधळ दिसतो तो आपल्या अडाणीपणाचा नाही. त्याची कारणे कायद्यात आहेत, हे नव्या पिढीने नीट समजून घ्यावे.

अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. त्यात हिंदू धर्माची अट होती. १९५६ मध्ये शीख बांधवांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा घेतली म्हणून अस्पृश्यतेचे चटके थांबले नव्हते. परंतु केंद्राच्या आदेशानुसार बौद्ध माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० पासून राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला तो १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग यांच्या काळात.

म्हणजे तीस वर्षे एकाच माणसाला दोन नियम लागू होते. राज्याच्या दारात तो नवबौद्ध म्हणून पात्र, केंद्राच्या दारात बौद्ध म्हणताच अपात्र. म्हणून एकाच घरात थोरल्या भावाच्या दाखल्यावर 'हिंदू महार', मधल्याच्या 'नवबौद्ध' आणि धाकट्याच्या 'बौद्ध' असे लिहिलेले सापडते. कोणी पोटासाठी लिहिले, कोणी स्वाभिमानाने लिहिले, काही ठिकाणी मास्तरांनीच मनाने लिहिले. आज संगणक या तीन भावांना पाहून गोंधळतो आणि खिडकीवरचा माणूस संशयाने पाहतो. पण दोन नियम आपण केले नव्हते. त्याचा हिशेब मात्र आपली नातवंडे देत आहेत.

त्यात जिल्हे बदलले. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर ठाणे आणि नंतरच्या कागदांवर पालघर. चिंचणी डहाणू तालुक्यात आणि शेजारचे तारापूर पालघर तालुक्यात. सोयरीक, शाळा, नोकरी सगळे इकडून तिकडे, आणि कागद दोन तहसिलींत विभागलेले.

पुन्हा बायकांचे वेगळेच. माहेरचे नाव, सासरचे नाव, काही घरांत लग्नात पहिले नावसुद्धा बदलायची रीत. शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, मतदार यादी सासरच्या नावाने. १ मे २०२४ पासून शासकीय कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव असा क्रम आला. निर्णय फार चांगला, आईला कागदावर जागा मिळाली. पण थोरल्या मुलीच्या कागदावर आईचे नाव नाही आणि धाकट्याच्या कागदावर आहे, हा फरक यापुढे घरोघर दिसणार. तो आधीच समजून घेतलेला बरा.

जोडणीचे चांगले काय?

जोडणी म्हणजे संकटच, असे आम्ही म्हणत नाही. उलट नीट झाली तर तिचा सर्वांत जास्त फायदा कष्टकऱ्यालाच आहे.

विदर्भ-मराठवाड्यातून बोईसरच्या कारखान्यांत आलेली किती कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात! पूर्वी त्यांचे रेशन गावी आणि पोट इथे. आता 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे गावच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य घेता येते. २०२२ च्या मध्यापर्यंत देशातली सगळी राज्ये तिच्यात आली. ही सोय वह्या एकमेकींना जोडल्यामुळेच झाली.

पी.एफ.चे तसेच. पूर्वी कंत्राटदार बदलला की नवे खाते. दहा वर्षांत चार कंत्राटदार, चार खाती, आणि कामगाराला एकाचाही नंबर ठाऊक नाही. २०१४ पासून यूएएन नावाचा एकच क्रमांक आला. कंत्राटदार कितीही बदलले तरी क्रमांक तोच राहतो. घामाचा पैसा शोधणे त्यामुळे सोपे झाले.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात बदल झाला. त्या तारखेनंतर जन्मलेल्या बाळाला शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून एकच जन्मदाखला पुरेल. म्हणजे आज पाळण्यात असलेल्या लेकराला आपल्यासारखी पिशवी बाळगावी लागू नये. अट एकच : त्या एका दाखल्यावरचे नाव पहिल्या दिवशी बरोबर लिहिले गेले पाहिजे. तिथे काना-मात्रा चुकली तर ती चूक आयुष्यभर सगळीकडे जाईल.

घात कोठे होतो?

आता दुसरी बाजू. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये मिळू लागले. वर्षभरानंतर सरकारने निरनिराळ्या खात्यांची माहिती एकमेकींशी ताडून पाहिली. त्यात सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे दिसले आणि जून २०२५ पासून त्यांचा लाभ स्थगित झाला, असे महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केले. काही नावे तर पुरुषांची निघाली. खोट्यांचे पैसे थांबले याचे वाईट वाटायचे कारण नाही. परंतु मंत्र्यांनी त्याच वेळी असेही सांगितले की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होईल आणि पात्र ठरतील त्यांचा लाभ पूर्ववत सुरू होईल. म्हणजे संगणकाने वगळलेल्यांत पात्र बहिणीही असू शकतात, हे सरकारलाही मान्य होते. आधी पैसे बंद आणि नंतर शहानिशा, हा क्रम मात्र उलटा आहे. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला. ज्यांचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत, अशा आमच्या ताईंसारख्या बायकांनी कोणाचा क्रमांक द्यायचा? ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली.

झारखंडातल्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधार जोडले नाही म्हणून रेशनकार्ड रद्द झाले होते आणि घरात धान्य नव्हते, असे तिच्या आईने सांगितले. सरकारी यंत्रणेने आजाराचे कारण दिले. त्यानंतर पुढच्याच महिन्यात केंद्राने राज्यांना कळवले की केवळ आधार जोडलेले नाही म्हणून पात्र कुटुंबाचे नाव वगळू नये. हे पत्र आधी निघाले असते तर?

हरियाणात कुटुंबांची एकत्रित नोंद करणारी 'परिवार पहचान पत्र' योजना आहे. तिच्या नोंदीत रोहतक जिल्ह्यातले १०२ वर्षांचे एक आजोबा मृत दाखवले गेले आणि त्यांचे वृद्धापकाळाचे पेन्शन बंद झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी गळ्यात नोटांचा हार घातला, बँडबाजा लावला, नवरदेवासारखी वरात काढली आणि 'मी जिवंत आहे' असे सांगत ते कार्यालयाकडे निघाले. वाचून हसू येते. पण ज्या म्हाताऱ्याला वरात काढायची ऐपत नाही त्याने काय करायचे?

हे आपल्याच देशात होते असेही नाही. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात सरकारने करखात्याची आणि बेकारभत्त्याची माहिती संगणकाने जोडली. वर्षाच्या कमाईची सरासरी काढून 'तुम्ही जास्त भत्ता घेतला' अशा नोटिसा चार लाखांहून अधिक लोकांना गेल्या. हिशेबाची पद्धतच चुकीची होती. न्यायालयात ती बेकायदा ठरली, सरकारला पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने कडक ताशेरे ओढले. तिथेही आपण दोषी नाही हे सिद्ध करायचे ओझे गरिबावरच टाकले होते.

आपली माहिती कोण पाहतो?

आणखी एक गोष्ट, जी आपल्या समाजाला इतरांहून लवकर कळायला हवी. बोईसरमध्ये भाड्याची खोली शोधताना "आडनाव काय?" हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते समजेल. ज्या दिवशी सगळ्या वह्या एक होतील त्या दिवशी जात, धर्म, कमाई, आजार, पत्ता हे सगळे एका बटणावर दिसू शकेल. रेशनच्या माणसाला आपली जात कशाला हवी? कंत्राटदाराला आपल्या आजाराची नोंद कशाला हवी?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार टिकले, सरकारी लाभांसाठी ते मागता येते हेही टिकले. परंतु बँक खाते आणि मोबाईल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली आणि आधार नाही म्हणून मुलाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही हे स्पष्ट झाले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली आहे.

युरोपातल्या एस्टोनिया या लहानशा देशाने २००१ मध्ये वेगळा मार्ग धरला. तिथे सगळी माहिती एका कोठारात भरत नाहीत. प्रत्येक खात्याची वही त्याच खात्याकडे राहते. दुसऱ्याला गरज पडली तर तो तेवढाच प्रश्न विचारतो, आणि आपली माहिती कोणी पाहिली ते नागरिकाला स्वतः पाहता येते. जोडणी आणि जरब यांतला फरक तो हाच.

घरी काय करावे?

आता कौटुंबिक पानाच्या वाचकांसाठी कामाच्या गोष्टी. या रविवारी जेवणे झाली की पिशवी काढा आणि घरातल्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला वही घेऊन बसवा.

१) एका पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि जन्मतारीख कोणत्या कागदावर कशी आहे ते लिहा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. फरक जिथे असेल तिथे खूण करा.

२) कोणता कागद मुळाचा ते ठरवा. शिकलेल्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला, लेकरांसाठी जन्मदाखला. बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधारला पाहून शाळेचा दाखला बदलायला जाऊ नका. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मधील एका निकालात म्हटले आहे. पी.एफ. साठीही जानेवारी २०२४ पासून जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालत नाही. आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे खुद्द आधारच्या कायद्यात लिहिले आहे.

३) आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून घाईने, ऐकीव माहितीवर बदल करू नका. पडद्यावर अक्षर न् अक्षर वाचून मगच हो म्हणा. अडचण आली तर १९४७ या क्रमांकावर फोन करा. साल लक्षात असेलच!

४) मुलांचे ठसे पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. ते राहून गेले की ऐन शिष्यवृत्तीच्या वेळी अडते.

५) रसायनात, रेतीत, मिठात काम करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांनी डोळ्यांच्या बुबुळाची किंवा मोबाईलवरच्या ओटीपीची सोय मागावी. ठसा उमटत नाही म्हणून धान्य नाही, हे उत्तर ऐकून घरी परतू नका.

६) योजनेचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. पैसे आले नाहीत असे वाटले तर आधी आपले कोणते खाते जोडलेले आहे ते बँकेत विचारा. कित्येकदा पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात पडलेले असतात.

७) लग्न विहारात झाले तरी कायद्याने नोंदणी करा. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच बाईचे आहे हे सांगणारा तोच कागद. नाव पूर्ण बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून त्याच्या प्रती जपा.

८) जातीच्या पुराव्यासाठी मुलांच्या बारावीची वाट पाहू नका. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा सर्वांत बळकट. आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, म्हणजे गाव नमुना १४ ची, नक्कल तहसिलीच्या अभिलेख कक्षात मागा. वडिलांच्या बाजूच्या कोणा रक्ताच्या नातेवाइकाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत घ्या. एकाने काढले की दहा जणांची वाट सोपी होते. म्हणून भाऊबंदकीतले रुसवे या कामापुरते तरी बाजूला ठेवा.

९) अर्ज दिला की पोच घ्या. 'नाही' म्हटले तर ते लेखी मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घालून दिली आहे, अपिलाचा हक्क दिला आहे. २००५ च्या माहिती अधिकाराने आपला अर्ज कुठे अडला हे विचारता येते.

आपली मागणी

जोडणी जरूर करा, परंतु जोडणीआधी दुरुस्ती करा, असे आपण सरकारला सांगितले पाहिजे. वही सरकारी कारकुनाने लिहिली, चूक त्याची, तर ती दुरुस्त करायला गरिबाची तीन दिवसांची हजेरी का बुडावी? नाव जुळले नाही तर आधी नोटीस द्या, माणसाचे म्हणणे ऐका, आणि तोपर्यंत धान्य, पेन्शन, शिष्यवृत्ती चालू ठेवा. 'महार', 'नवबौद्ध', 'बौद्ध' हे शब्द एकाच समाजाचे आहेत, हे कायद्याने मान्य केले आहे. मग ते संगणकालाही एकदा कायमचे शिकवा. आणि गावोगावी जुनी रजिस्टरे वाळवीने खाण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवा. आपला इतिहास ग्रंथांत जेवढा आहे तेवढाच त्या पिवळ्या पानांतही आहे.

त्या मुलीचे काय झाले?

ताईंच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्यांचे वडील तिसरीपर्यंत शिकलेले. लोकल बोर्डाच्या शाळेत." तेवढाच धागा होता. वस्तीतल्या दोन पोरांनी शाळेत जाऊन हेडमास्तरांना विनंती केली. त्यांनी कपाट उघडले. १९४६ च्या रजिस्टरात आजोबांचे नाव सापडले. जातीच्या रकान्यात 'महार', आडनावाचा रकाना रिकामा. ज्याला आडनाव लिहिण्याएवढा मान मास्तरांनी दिला नव्हता, त्या पोराची ती एक ओळ अठ्ठ्याहत्तर वर्षांनी नातीच्या कामी आली.

उतारा मिळाला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र झाले, मृत्यूचा दाखला दुरुस्त झाला, वैधता प्रमाणपत्र हातात आले. परंतु तोवर प्रवेशाची तारीख निघून गेली होती. ते वर्ष मुलीने बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगचे काम केले. पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली, अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला. परवा वंदनेला आली तेव्हा तिने वसतिगृहातल्या गमती सांगितल्या. आई बाजूला बसून ऐकत होती. मांडीवर पिशवी नव्हती.

मुलीचे एक वर्ष मात्र गेले. ते कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही, कोणत्याही संगणकाला ते दिसणार नाही. वाचकहो, आपल्या घरातल्या लेकरांचे असे वर्ष जाऊ देऊ नका. येत्या रविवारी पिशवी काढा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या शेजाऱ्यांचीही उघडून पाहा.